तारागोनात हात वर करू नये

तीर्थस्वरूप एंग्रासियाताईस,

धाकट्या सादुर्नीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, आपली बदामाची झाडं आणि डॉक्टर सगळे खुशाल असतील अशी आशा करतो (डॉक्टर नसले तरी चालेल. "छातीत धडधडतं ना? मग समुद्रावर जा, ऊन खा, मनाला ताण देऊ नका," असं सांगून त्यांनीच मला इथं धाडलं). मी जिवंत आहे. अक्षर वेडंवाकडं आलंय ते हात अजून लटलटतात म्हणून, प्यायलेलो नाही.

पहिले आठ दिवस बरे गेले. खोली दिली आहे रेमेइबाईंनी. विधवा आहेत, तोंडानं फटकळ, हाताला चव. मी घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिलो तर लांबून ओरडल्या, "समुद्र चावत नाही हो!" (चावतो. जेलीफिशनं केलेला फोड अजून आहे.) काल दुपारी संत तेक्लाच्या उत्सवात चौकात माणसांचे मनोरे उभे राहणार होते. मी आपला कडेला सावली धरून, वर्मुथ वाइन नि ऑलिव्ह घेऊन लांबूनच बघणार होतो. तेवढ्यात गर्दीत रेमेइबाई दिसल्या आणि मी हात वर करून हलवला.

ताई, तिथंच घात झाला. इथं मनोऱ्यापाशी हात वर केला की माणूस बुंध्यात, म्हणजे तळाच्या गर्दीत, उभा राहायला तयार आहे असं धरतात. त्यात माझा देह तुला ठाऊकच आहे. मनोरे रचणाऱ्या टोळीचा म्होरक्या बार्तोमेउ गरजला, "अरे, हा बघा, भिंतच चालत आलीय! घ्या आत!" मी म्हटलं, "अहो, मी ओळखीच्या बाईंना फक्त..." तो म्हणाला, "त्याही आतच आहेत. ढकला रे!" ढकललं. छाती पुढच्याच्या पाठीला, हात त्याच्या खांद्यांवरून वर, मान खाली, मागून दोनशे माणसांचा रेटा. मग माझ्या खांद्यावर पाय देऊन एकामागून एक माणसं वर चढायला लागली. तिसऱ्या थरावर रेमेइबाईंची लेक आलोमा होती, बावीस वर्षांची, एकुलती एक. मी ढिला पडलो तर ती पोरगी दगडी फरशीवर येणार, एवढं एकच मला कळत होतं.

बुंध्यातल्या माणसाला काही दिसत नाही. वरचं कळतं ते सनयांवरून. सूर बदलला, म्हणजे शेंड्यावरच्या मुलीनं हात उंचावला, मनोरा पुरा झाला. मी म्हटलं, सुटलो! तर शेजारचा म्हातारा म्हणाला, "सुटलो कसले? पडतात ते उतरतानाच." असं कुणी सांगतं का, ताई? बुंधा थरथरायला लागला (बहुतेक माझ्यामुळेच). पळावंसं वाटत होतं, देवाशपथ. पळायला जागा असती तर पळालोही असतो. डोळे मिटून मी आईचं नाव घेतलं, संत तेक्लाचं घेतलं, तुझंही घेतलं. शेवटी आलोमा माझ्या खांद्यावरून खाली उतरली आणि उतरता उतरता टकलावर थोपटून गेली.

तर झालं एवढं बस झालं. रविवारच्या बसनं परत येतो. कोंबड्यांना माझा निरोप सांग.

तुझा,
सादुर्नी

ता. क. रविवारच्या बसचं लिहिलंय ते खोडायचं राहिलं. माझा हिवाळ्याचा कोट आणि लोकरी मोजे पाठव.

ता. क. आणखी एक. वर लिहायचा धीर झाला नाही. बुंध्यात माझ्यापुढे जी पाठ होती ती रेमेइबाईंचीच. मनोरा उतरला, लोक पांगले, पण त्यांच्या खांद्यांवरून माझे हात काही खाली येईनात. त्या मान न वळवता म्हणाल्या, "सादुर्नी, सगळे सुखरूप उतरले. आता सोडा." मी म्हटलं, "सोडायची भीती वाटते." मग हळूच म्हणाल्या, "मग नका सोडू." ताई, आता भीती उरली ती तुझीच. उलट टपाली आम्हां दोघांना हो म्हण.