जरा मागे घे

घाटकोपर
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय अक्षता,

तू आणि बाळ दोघी खुशाल असाल. जयवंतदादा रविवारी बोरिवलीहून, तुझ्या माहेराहून, परत आला तो लेकीचे फोटोच दाखवत बसला. नाक तुझं आहे, रडणं मात्र आमच्या घरचं. आईने तुझ्यासाठी डिंकाचे लाडू केलेत. खारीक जरा जास्त झालीय, पण तसं तिला सांगू नकोस.

बारशाचा तुझा मेसेज मिळाला. एकुलती एक आत्या मीच, तेव्हा बाळाच्या कानात नाव सांगायचं मीच आणि पाठीत धपाटे खायचे तेही मीच, असं तू म्हणतेस. वाचून आधी हसू आलं. मग इतका राग आला की फोन गादीवर फेकला. फोन केला असता तर तू रडली असतीस, मागे बाळ रडलं असतं आणि मी पुन्हा गप्प बसले असते. म्हणून कागद घेतला.

मी घरीच असते. मला साइटवर बंदी आहे हे तुला सांगायला नको. सोसायटीतल्या बायका विचारतात, एवढा मोठा जनरेटर न उघडता आतून कसा गं तपासता? मी सांगते, बाहेरची भिंत आणि आत फिरणारा रोटर यांच्या मधे बोटभर फट असते, तिच्यात आमची पाल, म्हणजे छोटा रोबो, शिरते. चपटी, लोहचुंबकाने भिंतीला चिकटणारी, डोक्यावर कॅमेरा आणि एवढीशी हातोडी. खाचांमधल्या तांब्याच्या पट्ट्या हलू नयेत म्हणून वरून पाचरी ठोकलेल्या असतात, त्यांवर ती टकटक करत जाते. पाचर घट्ट की सैल ते आवाजावरून कळतं. रोटर बाहेर काढायचा तर महिनाभर कारखाना बंद, म्हणून तर आम्हाला बोलावतात. "आणि ही पाल चालवतं कोण?" असं विचारलं की अजून तोंडातून "मी" निघून जातं.

चालवणारी मी, बघणारी तू. मला मशीनच्या तोंडाशी वायर सोडत बसायचं असतं, स्क्रीन दिसत नाही. तू हेडफोन लावून बघायचीस आणि म्हणायचीस, "ठीक, चल पुढे." तू माझ्या भावाशी लग्न केलंस त्याच्या कितीतरी आधीपासून, पॉलिटेक्निकपासून, मी तुझ्या शब्दावर डोळे मिटून चालत आले.

खाडीपलीकडच्या त्या कारखान्यात एका खाचेपाशी तू म्हणालीस, "जरा मागे घे गं." मी घेतलं. "परत एकदा." परत घेतलं. मग म्हणालीस, "ठीक, चल पुढे."

पुढे त्याच खाचेतली पाचर सुटली. मशीन जळालं, भडका उडाला आणि शेजारी उभ्या असलेल्या दादूंचे, तिथल्या ऑपरेटरचे, दोन्ही हात भाजले. चौकशीत तू सांगितलंस, कल्पिता घाईत होती, त्या खाचेत ती गेलीच नाही. सांगताना माझ्याकडे बघितलंही नाहीस.

मग तू मला मागे घ्यायला कशासाठी लावत होतीस? जी खाच मी सोडून दिली, तिथे परत काय बघायचं होतं तुला?

सैल आवाज ऐकूनही तू ठीक का म्हणालीस ते मला कळत नाही असं नाही. रोटर काढावा लागणार नाही, असा शब्द आपले साहेब, चंद्रप्रकाश सर, कारखान्याला देऊन बसले होते. तू टीमची प्रमुख होणार होतीस, पोटात बाळ होतं. घाबरली असशील. पण मला बाजूला घेऊन सांगितलं असतंस तर दोघी मिळून सरांशी भांडलो असतो. वाट लागली असती, पण दोघींची. तू माझी एकटीची लावलीस.

दादाला यातलं काही माहीत नाही. आईला मी तेव्हाच सांगितलं होतं. ती म्हणाली, "पोटुशी आसा ती, आता काय्येक बोलू नको गो." नाही बोलले. रोज तुझ्यासमोर जेवायला बसायचे आणि वाटायचं, आज ही बोलेल. तू विचारायचीस, "वरण आहे का गं अजून?" मी वाढायचे.

परवा ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात दादूंच्या घरी गेले. त्यांची बायको कृष्णाबाई त्यांना भात भरवत होती. शिव्या खायची तयारी करून गेले होते मी. दादू म्हणाले, "बाय, तुमी दोघी तपासून गेल्या ना, म्हणून मी तिथं बिनधास्त उभा होतो." मग सांगायला लागले की शेजारचं दुसरं मशीन चालूच आहे, आणि आता त्यांच्या जागी तिथे भीमराज उभा राहतो.

तिथेच मला आठवलं. त्या दुसऱ्या मशीनमध्येही तू मला मागे घ्यायला लावलं होतंस, अक्षता. तिथेही दोनदा, आणि मग ठीक म्हणालीस. सगळा दोष माझ्या घाईवर गेला, म्हणून ते मशीन उघडून बघायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

उद्या सकाळी मी कारखान्यात जाऊन हे सगळं सांगणार आहे. आई म्हणते, निदान बारसं तरी होऊ दे. बारसं रविवारी आहे. तोवर भीमराज रोज त्या मशीनपाशी उभा राहणार.

तुझ्या पाठीमागे मला काही करायचं नाही, म्हणून हे पत्र लाडवांबरोबर आजच दादाच्या हाती देतेय. मी पोचायच्या आधी तू स्वतः फोन करून सांगितलंस तर बरं होईल. भीमराजसाठी. माझ्यावरचा डाग जावा म्हणून नाही, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू, त्यासाठीही.

एवढं झाल्यावर मी बारशाला यावं की नाही, ते तू ठरव. बोलावलंस तर येईन, नाव सांगेन, धपाटे खाईन, जेवेन आणि निघेन. नाही बोलावलंस तरी तिला मोठी झाल्यावर खरं कारण सांग. आत्या हट्टी होती म्हणून आली नाही, असं सांगू नकोस. माझ्याबद्दल एकदा खोटं बोललीस, तेवढं पुरे.

तुला लिहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीखाली मी 'तुझीच' लिहीत आले. आज ते लिहवत नाही.

तुझ्या मुलीची आत्या,
कल्पिता