दारातली पांढरी टोपी

बुधवार, शेळगाव. दिवेलागण होऊन गेली.

आज आबांचा दहावा झाला. सासरे गेले हे अजून खरंच वाटत नाही.

चिमी तीन महिन्यांची होत आली. मी पाजत असेन म्हणून आबा कधी खोलीत आले नाहीत. रोज दिवेलागणीला डोक्यावरची पांढरी टोपी सारखी करत उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारायचे, "सूनबाई, आज तरी पोरगी माझ्याकडं बघती का गं?" मी सांगायचे, "अजून न्हाय, आबा." इंदापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सुरुवातीला बाळाला हातभरापलीकडचं धूसरच दिसतं, काळ्यावर पांढरं असलं तर नजर ठरते. तिची नजर दारापर्यंत पोचायच्या आत आबा गेले. तेच मला टोचत होतं.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर हे दाराशी आले. सकाळी घाटावर डोकं, मिशी सगळं काढलेलं, रिवाजाप्रमाणं ह्यांच्या मामांनी घातलेली नवी पांढरी टोपी डोक्यावर. मागं पडवीत अंधार. आणि चिमी हसली. तोंडभर, दाराकडं बघत.

"मला वळखलं बघ!" म्हणत हे आत आले, टोपी काढून तिला उचललं. तशी ती घाबरून रडायलाच लागली. बिनमिशीचा बाप तिला परकाच.

मग हसली कुणाला?

ह्यांना काय सुचलं कोण जाणे. टोपी घातली आणि पुन्हा उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहिले.

चिमी पुन्हा हसली.

म्हणजे आबा तिला दिसत होते. आणि मी रोज त्यांना न्हाय म्हणत राहिले.