फळ्यावरचं सोलापूर

बहूबाजार, कलकत्ता
ता. ९ मे १९७८

प्रिय आप्पास भीमाचा रामराम.

पाऊस मी नेलेला नाही. हे आधी वाच, मग बाकीचं वाच. तुझं शेवटचं पत्र येऊन सात महिने झाले. त्यात चार ओळी होत्या आणि चारही ओळींत पाऊस होता. आपल्या गावचा पाऊस म्हणे मी कलकत्त्याला पळवला. अरे, मला गावी येताना पत्र्याच्या ट्रंकेतनं मथुराकाकूसाठी दोन कपबश्या धड आणता आल्या नाहीत (एकीचा कान गेला, तो अजून माझ्याकडं आहे), तो मी पाऊस काय नेणार? आणि नेलाच असता तर इथं कशाला आणला असता? इथं आधीच इतका पडतो की गेल्या साली आमच्या दुकानात गुडघाभर पाणी होतं. भट्टी विझली, चांदी वितळवायच्या मुशी तरंगत दारापर्यंत गेल्या, आणि शेठ पाटावर मांडी घालून मला विचारत होते की आज किती चांदी गाळून झाली. अशा माणसाला आणखी पाऊस हवा असेल का, तूच सांग.

असो. तुझी तब्येत बरी असेल. काकूचे गुडघे, बैलाचा खूर आणि तुझा दात, तिन्हींची खुशाली कळव. माझी तब्येत ठीक आहे. तेजाबानं हाताची बोटं पिवळी पडली आहेत, ती साबणानं जात नाहीत. इथले लोक समजतात की मी लाल-पिवळ्या फुटबॉल क्लबाचा माणूस आहे आणि भक्तीनं बोटं रंगवतो.

आता कामाचं. फुटबॉलच्या अंदाजांची लीग पुन्हा सुरू होते आहे आणि गेल्या सालासारखं याही साली तू, संगप्पा गुरव, शिवयोगी, मथुराकाकू आणि पोस्टाचे चिंतामणी मास्तर अशा पाचही जणांनी तिच्यात भाग घ्यावा, असं माझं आग्रहाचं आमंत्रण आहे. लग्नाची पत्रिका समज, फक्त जेवण नाही.

तू म्हणशील, आता कोणत्या तोंडानं बोलावतो. म्हणून गेल्या साली काय झालं ते एकदा सरळ लिहून काढतो, कारण गावात ते आबासाहेबांच्या तोंडून गेलं आहे, आणि आबासाहेब सरपंच असल्यामुळं मधे कुणी काही विचारत नाही.

आमच्या दुकानासमोर निताईदाचं चहाचं दुकान आहे. तिथं एक काळा फळा आहे. या शहरात दर शनिवारी कुठला ना कुठला सामना असतो, आणि गल्लीतले गट आधीच लिहून देतात की कोण जिंकणार, किती गोल होणार. जिंकणारा बरोबर सांगितला तर दोन गुण, गोलसुद्धा बरोबर आले तर आणखी तीन. गट पाच जणांचा. मासेवाल्यांचा एक, ट्रामवाल्यांचा एक, पुस्तकं बांधणाऱ्यांचा एक. दोन वर्षं मी तिथं चहा पीत होतो आणि मला सगळे ‘ओ मराठी’ म्हणत होते. (हाक मारायला म्हणत नव्हते, बाकड्यावरनं सरकायला म्हणत होते.) एक दिवस मी सहज म्हणालो, आमचा पण गट आहे. निताईदानं विचारलं, कुठं आहे? मी म्हटलं, गावाकडं. पत्रानं अंदाज पाठवतील. मंगळवेढा कुणाला ठाऊक नव्हतं, पण चादर सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून निताईदानं फळ्यावर बंगालीत ‘सोलापूर’ लिहिलं. मला ते वाचता येत नाही. पण चौथ्या ओळीत शेवटी शेपटीवालं जे अक्षर आहे ते आपलं, हे मी लांबनं ओळखतो. त्या दिवसापासनं मला तिथं ‘ए सोलापूर’ म्हणतात आणि बाकड्यावर जागा करून देतात.

मग मी तुम्हा पाच जणांना महिन्याभराचे सामने लिहून पाठवले. इथं माझी पहिली चूक झाली. फुटबॉल काय असतो हे लिहायचं राहिलं. शिवयोगीनं पहिल्याच कार्डावर लिहिलं, लाल-पिवळे एक्केचाळीस, हिरवे अडतीस. त्याला वाटलं हुतुतू आहे. ते कार्ड मी निताईदाला वाचून दाखवलं तेव्हा त्यानं चहाची किटली खाली ठेवली. तू स्वतः प्रत्येक सामना बरोबरीत सोडवलास, दोन्हीकडची पोरं आईबापांचीच असतात म्हणून. मथुराकाकूनं कार्डावर उलट मलाच विचारलं की दोन्हीत गरीब कोण? मी कळवलं की कस्टमवाल्यांपेक्षा छापखान्याची पोरं गरीब. तर तिनं पुढं प्रत्येक वेळी छापखान्याला निवडून दिलं, त्यांचा सामना नसला तरी. चिंतामणी मास्तरांनी स्वतःचा अंदाज दिलाच, वर तुमच्या सगळ्यांच्या कार्डांतल्या चुका तांबड्या पेन्सिलीनं दुरुस्त करून पाठवल्या. पोस्ट त्यांच्याच हातात असल्यामुळं त्यांना कोण अडवणार. ‘तालुका मंगळवेढे असे लिहावे’ हे त्यांनी मला अकरा वेळा कळवलं.

राहिला संगप्पा. त्याला फुटबॉल कळला नाही तो नाहीच, पण त्यानं तसं कबूल केलं आणि भैरोबाला कौल लावला. उजवं फूल पडलं की लाल-पिवळे, डावं पडलं की समोरचे, दोन्ही चिकटून राहिली तर बरोबरी. आता मी इथं लांब बसून खोटं बोलत नाही, आप्पा. पहिल्या शनिवारी उजवं, लाल-पिवळे जिंकले. दुसऱ्या शनिवारी दोन्ही फुलं चिकटली, सामना बरोबरीत. तिसऱ्याला पुन्हा उजवं, आणि त्या दिवशी इथं असा पाऊस की गोल कुठल्या जाळ्यात गेला हे पंचाला विचारावं लागलं, पण जिंकले लाल-पिवळेच. सोलापूर फळ्यावर तिसऱ्या नंबरावर. मासेवाले मला विचारायला लागले, तुमच्या देवाचा पत्ता काय? एकानं तर कौलाला म्हणून दोन सुपाऱ्या दिल्या. त्या मी खाल्ल्या, हे कबूल करतो.

आता गावात काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी मी मास्तरांच्या पत्रावरनं लिहितो. उत्तरा नक्षत्र कोरडं चाललं होतं, ज्वारीची पेरणी अडली होती, म्हणून आबासाहेबांनी संगप्पाला पावसाचा कौल लावायला सांगितला होता. उजवं म्हणजे पडणार. संगप्पाचे पाय दुखतात आणि देवाला एका दिवसात दोनदा विचारलं तर देव वैतागतो, असं त्याचं मत आहे. म्हणून त्यानं एकाच फुलावर दोन्ही प्रश्न लावले. पाऊस आणि फुटबॉल. तीन आठवडे. देवानं दोनदा उजवं दिलं, गाव तिफणी सज्ज करून आभाळाकडं बघत बसलं, आणि पडला कुठं, तर कलकत्त्यात. मग संगप्पा पारावर बोलून गेला की भीमाचं उत्तर पण त्यातच होतं. आबासाहेब म्हणाले (मास्तरांनी हे तसंच्या तसं लिहिलंय), “आरं, आमी हितं पावसाची वाट बगतोय आन् देव तितं बंगाल्याच्या फुटबालात अडकून पडलाय व्हय? त्या भीम्याला एकबी कार्ड जायाचं न्हाय.” संगप्पा म्हणाला, “आबा, देवाला एकच उजवं हाय, त्यो तरी काय करंल?” पण तोवर निकाल लागला होता.

माझं म्हणणं एवढंच, की हस्तात आपल्याकडं पाऊस झाला, पेरणी झाली, ज्वारी आली, काकूनं ती निवडली. मग पाऊस गेला कुठं? उशिरा आला म्हण. गाडी उशिरा आली म्हणून कुणी गाडी चोरली म्हणतं का? तूही पारावर बसून मान हलवलीस, हे मास्तरांनी लिहिलं नसतं तर बरं झालं असतं.

तर कार्डं बंद झाली. एक शनिवार गेला, दुसरा गेला. निताईदा विचारी, ए सोलापूर, डाक? मी म्हणे, येईल. तिसऱ्या आठवड्याला मी कोपऱ्यावरच्या पोस्टातनं पाच कार्डं आणली आणि पाचही मीच लिहिली. चौथीपर्यंतच शिकलो तरी पाच तऱ्हेचं अक्षर काढलं. काकूचं वाकडं काढलं, मास्तरांचं म्हणून तांबडी पेन्सिल आणली, शिवयोगीचं म्हणून शाई सांडली. गटाची लाज राखायला केलं, दुसरं काही नाही. निताईदानं कार्डं हातात घेतली. त्याला मराठी वाचता येत नाही, पण माणूस गिऱ्हाइकाच्या तोंडावरनं साखर किती ते सांगतो. त्यानं पाचही कार्डं ओळीनं मांडली आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पिवळा अंगठा दाखवला. मग शिक्का दाखवला. शिक्का बहूबाजारचा. म्हणाला, तुमच्या सोलापूरची पाचही माणसं चांदी गाळतात काय? बाकड्यावरचे सगळे हसले. मीही हसलो, कारण एकट्यानं न हसणं वाईट दिसतं.

त्यानं रागावून काही केलं नाही. तो तसा चांगला आहे. पण गल्लीत आता सगळ्यांचं ठरलं आहे की पहिल्यापासनं सगळी कार्डं मीच लिहीत होतो, एक्केचाळीस-अडतीस पण मीच, गरीब छापखाना पण मीच, देव तर मीच. मी म्हटलं, आधीच्या कार्डांवर मंगळवेढ्याचा शिक्का होता. तर म्हणाले, ती कार्डं कुठं आहेत? ती पुराच्या पाण्यात मुशींबरोबर गेली. मग ट्रामवाल्यांतला एक म्हातारा अगदी साधेपणानं म्हणाला, असतं असं, लांब आलेल्या माणसाला कुणी नसलं की तो माणसं तयार करतो. त्यानं माझ्या चहाचे पैसे दिले. ते मला काही आवडलं नाही.

म्हणून या साली निताईदाची अट अशी आहे. जूनच्या पहिल्या शनिवारच्या आत पाच कार्डं यावीत, पाच वेगळ्या हातांची, प्रत्येकावर तिकडचा शिक्का, आणि माणशी एक रुपया प्रवेश फी तिकडूनच मनिऑर्डरनं यावी. आलं तर सोलापूर फळ्यावर राहील. नाही आलं तर ती ओळ पुसून पुस्तकं बांधणाऱ्यांचा दुसरा गट घेणार. त्यांनी खडू पण आणून ठेवला आहे.

आता कुणाला काय सांगायचं ते लिहितो. शिवयोगीला सांग, दोन, तीन, फार तर चार. त्याच्यावर जायचं नाही, कितीही जोर आला तरी. काकूला सांग, छापखाना या साली वरच्या लीगमधनं बाहेर गेला, तिनं दुसरे गरीब बघावेत, रेल्वेवाले चालतील. मास्तरांना सांग, तालुका मंगळवेढे. संगप्पाला सांग, फुटबॉलचा कौल शनिवारी लाव, पावसाचा सोमवारी, फुलं पण वेगळी घे, आणि देवाला गावाचं नाव स्पष्ट सांग. आबासाहेब ऐकत नसतील तर त्यांनाच सहावा अंदाज द्यायला बोलाव. गटात पाचच लागतात, पण त्यांच्या नावाची वेगळी ओळ मी निताईदाकडनं लिहून घेईन. सरपंच माणसाला आपलं नाव परमुलखात लागलेलं नको असतं, असं मी तरी बघितलेलं नाही.

तू मात्र बरोबरीत सोडवू नकोस. एकदा तरी बाजू घे.

काकूस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आबासाहेबांस जेवढा घेतील तेवढा नमस्कार.

तुझा,
भीमा

ता. क. वर मी पाच वेगळे हात लिहिलं आहे. पण कुणीच तयार झालं नाही तर तू एकट्यानं पाच कार्डं लिही. एक उजव्या हातानं, एक डाव्यानं, एक तुझ्या पुतण्याकडनं, काकूचा अंगठा उठव (तिला सांगू नकोस कशावर), आणि पाचवं सांगोल्याच्या बाजारात कुणाला तरी चहा पाजून. फक्त टाकताना मंगळवेढ्याला टाक. शिक्का दाबून मारायला सांग.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे चार नसली तरी चालतील. निताईदाला मी समजावीन. पण तुझं एक यायला पाहिजे. त्यात फुटबॉल नसला तरी चालेल, पाऊस असला तरी चालेल. ते मी बाकड्यावर मोठ्यानं वाचणार आहे आणि त्या ट्रामवाल्या म्हाताऱ्याच्या हातात देणार आहे.

ता. क. तिसरा. फी तुम्ही भरावी अशी माझी इच्छा नाही, पण ती तिकडूनच आली पाहिजे. म्हणून मी आजच तुझ्या नावानं मनिऑर्डर केली आहे. ती घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी त्यातलेच पाच रुपये पाच नावं घालून मला उलट पाठवायचे. मास्तर विचारतील हा काय प्रकार, तर त्यांना सांगायचं, आमचे आम्ही भरतोय. पाच जणांची फी, उलट मनिऑर्डरचा खर्च आणि पाच कार्डं धरून पाठवले आहेत: रुपये सव्वासहा.