बिबट्याला दोनपर्यंत येतं

सोमवार
पोचले एकदाची! मामा दारातच ओरडला, "आलं आमचं पार्सल!" घरभर कॅमेऱ्याच्या बॅगा, ट्रायपॉड, चिखलाचे बूट, बसायला खुर्ची आधी रिकामी करावी लागते. भिंतीवर तो बक्षीस मिळालेला बिबट्या. डोळे थेट लेन्समध्ये, मागे धूसर, हिरवं, फाटकं काहीतरी. हाच फोटो आमच्या घरी टीव्हीवर टांगलाय. त्याच्यापायी मी चांगल्या नोकरीवर पाणी सोडलं. आई म्हणाली, मामा आहे म्हणून पाठवतेय.

मंगळवार
पाणवठ्यावरच्या लपणात पहिला दिवस. लपण म्हणजे एका माणसापुरता हिरव्या कापडाचा तंबू, लेन्सपुरती खिडकी. युक्ती भारी आहे: दोघांनी आत शिरायचं, एकाने शीळ घालत निघून जायचं. पाखरांना मोजता येत नाही; त्यांना वाटतं, लपण रिकामं झालं. मामा म्हणाला, पाखरं गणितात पास झाली असती तर आपण उपाशी मेलो असतो. तो गेला आणि खंड्या अगदी खिडकीसमोर येऊन बसला. फोन घरीच ठेवायचा, आत बोलायचं नाही; म्हणून ही वही. खिडकीखाली कापडाला मोठं ठिगळ आहे. मामाने स्वतः शिवलंय म्हणे. टाके सुरेख.

गुरुवार
बिबट्या! भेकर भुंकलं आणि पाठोपाठ तो आला. पाण्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, माझ्या खिडकीकडेच बघत उभा. घाईघाईत बटण दाबत सुटले, सगळे फोटो हलले. मामाने फोटोंचं विचारलंच नाही. किती जवळ आला, एवढंच विचारलं.

परतताना जीपवाल्याला आमची युक्ती सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "ताई, बिबट्याला दोनपर्यंत येतं." माझ्या आधीच्या मदतनीस मुलीला त्यानेच इथे आणलं होतं. मामा म्हणतो, ती काम सोडून गेली. जीपवाला म्हणतो, इथे जीप माझी एकट्याची, आणि तिला परत न्यायला मला कुणी बोलावलंच नाही. मामाला विचारलं तर म्हणाला, त्याच्या थापा ऐकशील तर घरी पळशील. खरंय. मामावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?

शुक्रवार
आज मामाने स्वतः डबा करून दिला. मटण. लाडक्या भाचीसाठी, म्हणे. जाताना शीळ रोजच्यापेक्षा मोठी.

पाखरं नाहीत. एकही नाही.

दाराची चेन उघडत नाहीये. बाहेरून दोरी बांधलीय. मामा कशाला—

ठिगळ. घरच्या फोटोत बिबट्याच्या मागे जे फाटकं हिरवं दिसतं ते हेच कापड. म्हणजे तो फोटो लपणातून काढलाच नव्हता. समोरून काढला होता. मग आत कोण—

पलीकडच्या झुडपात काहीतरी चमकलं. लेन्समधून पाहिलं. मामा. ट्रायपॉडवर मोठा कॅमेरा. रोख माझ्यावर.

हाका मारल्या. घसा फुटेस्तोवर. त्याने डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही. सख्ख्या बहिणीच्या मुलीचा केसाने गळा— आईला काय सांगशील? काम सोडून गेली?

भेकर भुंकतंय. अगदी जवळ.

कापडाला बाहेरून काहीतरी घासतंय. मागून कडेला. कडेने खिडकीकडे—

मामाने हात वर केला! नाही. खूण करतोय. शिकवताना करायचा तीच. थोडी डावीकडे सरक. म्हणजे फोटोत दोघंही