सलूनचा पासवर्ड

सूनबाई,

आपल्या सलूनमध्ये काल क्रांती झाली! तू लावून दिलेल्या फुकट वायफायमुळे बाकडं दिवसभर भरलेलं होतं, आणि माझ्याशी बोलणं झालं ते एवढंच: "काका, मिशी राहू द्या." मास्तरसुद्धा मोबाइलमध्ये. एरवी त्यांचं तोंड बंद करायला मला साबण फासावा लागायचा.

बाबांना सारखं कोणी विचारून त्रास देऊ नये, म्हणून तू पासवर्ड ठेवला नाहीस, हे कळतं गं. पण तुझ्या सासूबाई गेल्यापासून माझ्या गप्पा होतात त्या दुकानातच.

तू झोपलीयस, म्हणून लिहून ठेवतोय. संध्याकाळी येऊन तेवढा पासवर्ड लाव. चांगला लांबलचक ठेव, एकदा सांगून कोणाच्या लक्षात राहता कामा नये.

— बाबा