गौरीच्या ताटातला खेकडा

भाद्रपद शु. ३, शके १८५४

हे बोटीने आले. मुंबईत खोली मिळाली म्हणे. एकच, पण आपली. गौरी बोळवल्या की मला नेणार. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि नारळ असा आपटला की करवंटी पार तुळशीपर्यंत गेली.

शु. ७

खड्यांची गौर आणली. व्हाळाचं पाणी गढूळ, म्हणून सासूबाईंनीच ठरवलं, समुद्राकाठच्या डबक्यातले खडे घेऊ. मी तोंडात चूळ धरून वाकलेली. मागून सा. : "तो हिरवा घे. कसा मखमली आहे बघ." घेतला. वाटेत ताटात हलला. माझं माहेर समुद्राकाठचं, वेळणेश्वर, मला न कळायला काय झालं? खेकडा. पाठीवर शेवाळ लावून दगडासारखा बसणारा. पण गौर पाटावर बसेपर्यंत चूळ टाकायची नाही, बोलायचं नाही. मुकाट आले.

हळदीकुंकू वाहिलं तशी गौर चालायला लागली. आळीतल्या बायका बघतायत.

सा. : "घरातून लक्ष्मी निघाली गो. हिच्या हातची ना." मला पांढऱ्या पायाची म्हणाल्या, सगळ्यांदेखत. स्वतः करून सवरून नामानिराळ्या. तळपायाची आग मस्तकात.

शु. ८

घावनघाटलं मी केलं, वाढायला मात्र बंदी. सा.चा हुकूम, पुढच्या गौरीपर्यंत हिला न्यायचं नाही. हे मला विचारतात, "तो खडा तूच उचललास ना?" उचलला मीच. हो म्हटलं. पुढचं बोलणार, तोवर सा.नी ताक वाढ म्हणून मला आत पाठवलं.

वाढायला बंदी होती ना? आणि हे भात कालवतायत. आईपुढे ह्यांची जीभ टाळ्याला.

खेकडा परसात, तसराळ्यात समुद्राचं पाणी घालून ठेवलाय. पूजेत शेवाळ गळालं बिचाऱ्याचं. गौरीच्या कापसाच्या वस्त्राचा तुकडा टाकला आत.

शु. ९

सकाळी बघते तर कापूस पाठीवर, हळदकुंकवासकट. एकेक धागा स्वतःच अडकवलेला. गौर बोळवायला निघताना खड्यांबरोबर त्यालाही ताटात घेतला.

हे वर रस्त्यावर थांबले. पाण्यात आम्ही दोघीच. सा.नी ताटात पाहिलं. मग वर रस्त्याकडे पाहिलं.

हळूच म्हणाल्या, "मी दाखवला होता, हे सांगितलंस त्याला?"

"अजून नाही."

खडे सोडले. खेकडा कातळाखाली गेला. सा. परत येताना वाटभर बोलल्या नाहीत, तोंडात चूळ असल्यागत.

बोट परवा. मी ट्रंक खाली काढून ठेवली आहे. सा.नी पाहिली, पण परत वर ठेव असं म्हणाल्या नाहीत.