कौसल्याचं परदेशी परमिट

पुसद, ६ ऑगस्ट २०२५

आदरणीय देवरावदादास,

धाकट्या कौसल्याचा सविनय जयभीम. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि सूनबाई जयाजवळ निरोप ठेवावा इतकी ही गोष्ट लहान नाही. म्हणून हाताने लिहिते आहे. फोटो काढून तिच्या मोबाईलवर पाठवीन.

आपली प्रियंका परवा न्यूझीलंडात बाळंत झाली. मुलगी झाली, पण दिवस भरायच्या फार आधी, आणि सिझर करून. बाळ शहरातल्या दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. यांचं घर तिथून तासाभराच्या रस्त्यावर, बस नाही. जावई संघदीप डेअरीवर कामाला. सध्या गाई विण्याचे दिवस, त्यांना सुटी मिळत नाही. टाके सुकेपर्यंत प्रियंकाला गाडी चालवायची मनाई आहे. मग बाळाजवळ तिला रोज नेणार कोण? संघदीपनं भीतभीतच विचारलं की आई, तुमचं लायसन चालू आहे, तर तिकडून इंटरनॅशनल परमिट काढून याल का.

बाळंतपणाला जायचं होतंच म्हणून व्हिसा आधीच आलेला आहे, तिकीट अलीकडचं करता येईल. पण दादा, प्रियंकाचे बाबा गेल्यापासून मी ओम्नीवरची ताडपत्री काढलेली नाही. नर्स होते तेव्हा तीच गाडी घेऊन खेडोपाडी जायचे, ते आता दुसऱ्याच कोणाचं आयुष्य वाटतं. त्यात परका मुलूख. तिकडेच कोणी ड्रायव्हर बघा, असं सांगणार आहे. रागावू नकोस.

वहिनीला जयभीम, जयाला आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
कौसल्या

दारव्हा, ७ ऑगस्ट

चि. कौसल्या हिस,

देवरावचा जयभीम व अ. उ. आ.

आजी झाली अन् पेढ्याचं नाव नाही! तुलेच नाही म्हनायचं असतं तं सरळ जावयाले सांगितलं असतं. मले दोन पानं काहून लिहिले? मी हो म्हनाव मनूनच ना?

जयाले यवतमाळच्या आरटीओत फोन कराले लावला. लायसन, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, फोटो अन् डॉक्टरचा दाखला लागते. परमिट सालभर चालते, पन त्याच्यासोबत असली लायसनही जवळ ठेवा लागते.

उद्या सकाळच्या बसनं पुसदले येतो. ताडपत्री मी काढतो, बॅटरी पाहतो. दोन-चार दिवस आर्णीच्या रस्त्यानं हात साफ कर. मंग परमिटासाठी यवतमाळले तूच गाडी ने, मी बाजूले बसतो. जनम काळी-पिवळी चालवन्यात गेला, कान गेले मनून सोडा लागली. डोळे अजून शाबूत आहेत. तू भेवानं ओरडली तरी मले आयकू येनार नाही, तवा बिनधास्त ओरड.

प्रियंकाले कळव, आई येऊन राह्यली.

सदा तुया पाठीशी,
देवराव

न्यूझीलंड, २८ सप्टेंबर

आदरणीय दादास,

सविनय जयभीम. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून रुसला असशील. रोज दवाखाना, परत येऊन स्वयंपाक, की दिवस संपला.

निघण्याच्या घाईत तुला सांगायचं राहून गेलं. यवतमाळला तू बाहेर चहा घेत होतास, तेव्हा खिडकीतल्या मॅडमनी माझ्या तिकिटाची तारीख पाहिली आणि इतकी घाई कशाची म्हणून विचारलं. मी पेटीतल्या बाळाचं सांगितलं. त्या लगेच उठल्या. कागद घेऊन स्वतः आत गेल्या, आणि दुसऱ्याच दिवशी परमिट माझ्या हातात दिलं. त्यांचं नावही मी विचारलं नाही. तिकडे गेलास तर त्यांना बाळ सुखरूप असल्याचं जरूर सांग.

इथेही गाड्या आपल्यासारख्या डावीकडूनच चालतात. पण गाडीला क्लच नाही, माझा डावा पाय सारखा त्याला शोधायचा. पहिल्याच दिवशी एका गोल चौकात मी थिजून उभी राहिले. मागे रांग लागली, पण कोणी हॉर्न वाजवला नाही, त्यानंच मला जास्त भीती वाटली. शेजारी प्रियंका पोटावर उशी धरून बसलेली. तिनं हळूच सांगितलं की आई, घाई नाही. दिग्रसजवळ समोरून ट्रक आला आणि मी किंचाळले, तेव्हा तू शांतपणे तुरीच्या शेताकडे बघत होतास, ते आठवलं. पाय आपोआप हलला.

काल बाळाला सुटी झाली. संघदीप रजा काढून आले होते, किल्लीही त्यांच्याच हातात होती. प्रियंका त्यांना म्हणाली की आज आईच चालवेल. त्यांनी हसून किल्ली मला दिली आणि दोघं बाळाला घेऊन मागे बसले. घरापर्यंत मी सावकाश गाडी आणली. मधून मधून फक्त बाळ कुरकुरायचं. दादा, तू त्या दिवशी बस पकडली नसतीस तर हे माझ्या वाट्याला आलं नसतं.

तुझे उपकार मानले तर तू चिडशील, म्हणून बाळाचा पापा पाठवते.

तुझीच,
कौसल्या

दारव्हा, ५ ऑक्टोबर

चि. कौसल्यास,

जयभीम व अ. उ. आ.

दीक्षाभूमीवरून आलो अन् तुयं पत्र वाचलं. तुया वहिनीनं गल्लीत पेढे वाटले.

उपकार कायचे? तुले एक सांगतो. कान गेल्यापासून घरी समदे मले खुनेनं सांगतात, जेव, नीज, बाहेर जाऊ नको. इचारत कोनीच नाही. पुसदच्या त्या दिवसांत तू हर वळनावर माह्याकडे पाहे, दादा आता काय करू मनून. घरी आलो तं वहिनी म्हने, चेहरा उजळला तुमचा. तवा आभार मलेच मानू दे.

जातानी तू माह्याकडे ठेवलेली ओम्नी इथंच उभी आहे. काल जयानं पाटीवर लिहून इचारलं, बाबा, मले शिकवान का? लर्निंग लायसन तिनं आधीच काढून ठेवली होती, पोरगी मोठी हुशार.

बाकी मागून लिहितो. जया गाडीत बसून माही वाट पाहून राह्यली.

बाळाले माहा मुका. लोभ आहेच, वाढवत राहा.

तुहा,
दादा